वैद्याने आधी स्वतः जगावे

दिवाळीच्या सुटीत चिरंजीव घरी आले आणि त्यांनी मलाही संगणकापुढे बसविले. खेळाचे नाव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट', २००४ सालचा. त्यातल्या 'वॉरसाँग गल्च' या रणांगणावर दहा विरुद्ध दहा माणसे लढतात. शत्रूचे निशाण तीनदा आपल्या गोटात आणील, तो जिंकला.

"बाबा, तुम्ही वैद्य व्हा," मुलगा म्हणाला. मला वाटले, सोपे काम! मागे उभे राहून जखमा भरायच्या.

पण शत्रू प्रथम वैद्यावरच तुटून पडतो, कारण वैद्य उभा असेतो त्याचे घाव वाया जातात. मंत्र चालू असता नेमका टोला बसला की मंत्र मोडतो. अंगची शक्तीही विहिरीच्या पाण्यासारखी. उपसा जास्त झाला की तळ दिसतो. मग लढाईतून बाजूला होऊन पाणी पीत बसावे लागते. मी मात्र दिसेल त्या जखमीकडे धावलो. दर वेळी आधी मी पडलो, पाठोपाठ निशाणवाला.

"आधी स्वतःला सांभाळा, मग निशाणवाल्याला. बाकीच्यांतला एखादा जाऊ द्या."

हे 'जाऊ द्या' जड गेले. पण आडोसा धरून तसे केले. दोन गडी डोळ्यांदेखत पडले. निशाण मात्र तिसऱ्यांदा आले.

तेवढ्यात मुलाची आई चहा घेऊन आली. तीन दिवस ताप अंगावर काढीत होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

त्या रात्री भाकरी मी थापल्या. वाकड्या झाल्या, पण ती निजली होती.