हळदीचे पैसे आणि माझी घाई

औंढ्याची महाशिवरात्रीची यात्रा आटोपली आणि आठवड्याभरात माझं गर्भपिशवी काढण्याचं ऑपरेशन झालं, पोट उघडून. गाठींमुळे दोन वर्षं रक्त जात होतं. वजन 104 किलो, शुगर वाढलेली. एप्रिलमध्ये वसमतच्या मोंढ्यात हळद विकली, पैसे हाती आले आणि मी ठरवूनच टाकलं, मे महिन्याच्या सुट्टीत वजनाचंही ऑपरेशन उरकायचं. शाळेत रजा मागायला नको, पैसे दुसरीकडे जायला नकोत आणि घरच्यांची पुन्हा धावपळ नको.

नांदेडच्या सर्जननी फाईल बघून "आत्ता नाही" म्हटलं, तेव्हा मी चिडले. वसमतपर्यंतच्या एसटीत नवऱ्याला म्हणत राहिले, यांना आपल्या अडचणी काय कळणार. मग दुसऱ्या एका ठिकाणी फोन केला. त्यांनी रिपोर्ट न बघताच तारीख दिली. मला आनंद झाला. त्या आनंदाची आज लाज वाटते.

माझं मत बदललं ते सासूबाईंमुळे. आमच्या मराठवाड्यात पिशवी काढणं ही बारीकसारीक गोष्ट समजतात. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या पिशव्यांचा प्रश्न गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ते सगळं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, पण माझ्याच घरात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. फोनवर तारीख मिळाली त्या रात्री सासूबाईंनी लुगडं सरकवून त्यांच्या पिशवीच्या ऑपरेशनच्या टाक्यांच्या जागी आलेला नारळाएवढा फुगवटा, म्हणजे हर्निया, दाखवला. म्हणाल्या, "पंधराव्या दिशी हळदीचं पोतं उचललं बाई मी. तव्हापसून हे असंच हाय." तीस वर्षं त्यांनी तो कुणाला दाखवला नव्हता.

मी पुन्हा नांदेडला गेले आणि या वेळी नीट ऐकलं. पोटाची शिवण तीन महिन्यांनी साधारण 80 टक्के ताकदीची होते, पूर्वीइतकी कधीच होत नाही. सहा-सात आठवड्यांत आतली आतडी ताज्या चिकटलेल्या पडद्यांत गुंतलेली असू शकतात. वजनाच्या ऑपरेशनसाठी तिथे दुर्बीण घातली तर आतड्याला इजा होऊ शकते. मोठं ऑपरेशन आणि लठ्ठपणा, दोन्हींमुळे पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वजनाच्या ऑपरेशननंतर सुरुवातीचे काही आठवडे पातळ आहारच, रोजची 60 ग्रॅम प्रथिनं पोटात जाणं अवघड. आणि जखम भरायला तर तीच लागतात. माझं हिमोग्लोबिन 8.6 होतं. वजनाच्या बायपास ऑपरेशनमध्ये आतड्याचा जो भाग वगळतात, तिथेच लोह सगळ्यात जास्त शोषलं जातं. म्हणजे रक्त आधी भरून काढायचं, मग पुढचं.

सगळ्यांना लागू पडेल असा महिन्यांचा एकच आकडा नसतो, हेही त्यांनी सांगितलं. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाला बहुधा सहा महिने ते वर्षभर थांबवतात. सासूबाईंच्या हर्नियासारख्या दुखण्यात मात्र रुग्ण लठ्ठ असेल तर आधी वजनच कमी करायला सांगतात. मी सुट्टीचं आणि मोंढ्याचं कॅलेंडर घेऊन गेले होते, ते माझे रिपोर्ट बघत होते.

फोनवरची तारीख मी रद्द केली. आता दिवाळी तोंडावर आली आहे. हिमोग्लोबिन 11.4 झालंय, पण तीन महिन्यांची सरासरी शुगर अजून हवी तिथे आलेली नाही, म्हणून तारीख ठरलेली नाही. सासूबाईंनाही मी तपासायला नेलं. पैशांतले काही खतात गेले. नवी हळद शेतात उभी आहे, माघात निघेल.