नेवासे : अमृताची पंगत

राहुरी ते कायगाव या पट्ट्यात समुद्रमंथनाची कथा गावोगावी विखुरलेली आहे. मोहिनीने देवांना अमृत वाढले ती पंगत प्रवरेकाठी नेवाशात बसली होती, असे इथे सांगतात. देवाचे रूप घेऊन पंगतीत शिरलेल्या राहूचे शिर सुदर्शनाने उडाले ते राहुरीला पडले आणि काया गोदावरीपलीकडे कायगावात. महाभारताच्या आदिपर्वात मंथन आहे, राहूचा शिरच्छेदही आहे. भागवताच्या आठव्या स्कंधात तीच कथा ऐसपैस येते. नेवाशाचे नाव मात्र दोन्हीकडे नाही. कथेला हा भूगोल दिला तो क्षेत्रमाहात्म्यांनी आणि लोकांच्या तोंडी चालत आलेल्या आठवणींनी. आणि याच गावात, शके १२१२ मध्ये म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली. एका गावाने पुराणकथेला जागा दिली आणि त्याच गावात पुराणातल्या प्रतिमांचा अर्थ उलगडणारा ग्रंथ झाला. नेवाशाला मुद्दाम जावे ते या योगासाठी.

राहुरीकडून येणारी बहुतेक वाहने शनिशिंगणापूरला वळतात. तिथली गर्दी, तेलाचे डबे, रांगा हे सारे सर्वपरिचित आहे. नेवाशासाठी निघालेल्याने तिकडे न वळता पुढे जावे. अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर नेवासे फाटा लागतो आणि गाव तिथून आत आहे. मुक्कामाची सोय बेताची आहे. बरेच यात्रेकरू तासाभरात दर्शन उरकून निघतात, आणि ज्या गावाला किमान एक संध्याकाळ द्यायला हवी ते घाईत मागे पडते.

मोहिनीराजाचे आजचे देऊळ अठराव्या शतकातले. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते बांधवले. दगडी शिखर आणि सभामंडपाचे कोरीव खांब पाहण्यासारखे आहेत, पण पाय अडतो तो गाभाऱ्यापाशी. विष्णूच्या मोहिनीरूपाची पूजा महाराष्ट्रात फारशी कुठे नाही. इथे तो देव गावाचा धनी आहे, आणि स्त्रीवेषातल्या या देवाच्या नावाला ‘राज’ जोडताना कुणाला काही वावगे वाटत नाही.

या कथेचा कीर्तनातला अर्थ ठरलेला असतो. सागर म्हणजे मन, मंदार म्हणजे निश्चय, वासुकी म्हणजे वासना. घुसळण सुरू झाली की आधी हलाहल वर येते, ते पचवले तरच पुढे अमृत. साधनेच्या वाटेवर पहिल्यांदा स्वतःतले विषच दिसते, हे निरीक्षण खरे आहे आणि ऐकणाऱ्याला धीर देणारेही आहे. पण या अर्थातून एक गोष्ट निसटते. वासुकीचे तोंड असुरांनी धरले होते, त्याच्या विषारी फूत्कारांनी तेच होरपळले, श्रम त्यांनी देवांइतकेच केले. आणि वाटपाच्या वेळी त्यांना रूपाने भुलवून उपाशी ठेवले गेले. मोहिनीराजाच्या देवळात उभे राहिल्यावर हा प्रश्न टाळता येत नाही, कारण पंगत इथेच बसली असे गाव म्हणते. पंगतीत झालेला भेद हा कथेचा गाभा मानायचा, की त्यापलीकडे काही आहे?

त्याचे उत्तर गावाच्या दुसऱ्या टोकाला, पैस खांबाच्या देवळात शोधावे लागते. या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ग्रंथ सांगितला आणि सच्चिदानंद बाबांनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. सरणावर जाता जाता उठले असे सांगतात ते बाबा दंतकथेतले पात्र वाटतील, पण त्यांचे नाव ग्रंथाच्या अखेरीस लेखक म्हणून आलेले आहे. खांबावर संस्कृत लेख आहे. तो दाखवणारा कुणी भेटला तर भाग्य. बहुतेकांना खांबाला हात लावून नमस्कार करण्यापुरतीच फुरसत असते. लेखात करवीरेश्वराला नमन आहे आणि देवापुढच्या दिव्याच्या तेलासाठी आजोबांनी दिलेले दान पुढे चालत राहावे अशी व्यवस्था आहे. म्हणजे हा खांब एका शिवालयाचा. शिवालय गेले, दिवा गेला, तेलाची तजवीज सांगणारा दगड तेवढा उरला, आणि सात शतके लोक त्याच्याकडे एका ग्रंथाचा साक्षीदार म्हणून पाहत आले.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, गीतेला हात घालण्याआधी, ज्ञानदेव गणेशाची मूर्ती उभी करतात. ही मूर्ती वेदांची. स्मृती हे तिचे अवयव, अठरा पुराणे हे दागिने, सहा दर्शने हे सहा हात. परशू म्हणजे तर्क, मोदक म्हणजे वेदान्त, सरळ सोंड म्हणजे विवेक. हातातला मोडका दात म्हणजे वार्तिककारांनी खंडन केलेले बौद्ध मत. ॐकाराचा अकार पायांशी, उकार पोटाशी, मकार मस्तकाशी. पुराणातली प्रतिमा इथे न मोडता, न नाकारता शास्त्रांचा नकाशा होते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढचा गणपती तोच राहतो, फक्त त्याच्याकडे पाहताना आता विचार करावा लागतो. पुराणकथेचा आध्यात्मिक अर्थ काढण्याची याहून सुंदर रीत मराठीत सापडणे कठीण. कथेच्या जागी अर्थ बसवून कथा फेकून देणारे भाष्यकार पुष्कळ झाले. ज्ञानदेव प्रतिमा जपतात आणि तिलाच बोलके करतात.

देव आणि असुर यांचा प्रश्न सोळाव्या अध्यायात येतो. गीतेत तिथे देव-असुर हे दोन पक्ष न राहता दैवी आणि आसुरी अशा दोन संपत्ती होतात. अभयापासून सुरू होणारे सव्वीस गुण एका बाजूला. दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, कठोरपणा आणि अज्ञान दुसऱ्या बाजूला. लढाई स्वर्गातून माणसाच्या स्वभावात उतरली. गीता मात्र इथे कडक आहे. आसुरी वृत्तीच्या माणसांना पुन्हा आसुरी योनीतच टाकण्याची भाषा तिच्यात आहे, आणि टीकाकार म्हणून ज्ञानदेव तो श्लोक वळसा घालून चुकवत नाहीत.

ग्रंथ संपल्यावर, स्वतःसाठी मागायची वेळ आल्यावर, ते पुढचे पाऊल टाकतात. पसायदानात दुर्जनांचा नाश मागितलेला नाही. त्यांचा वाकडेपणा गळून पडावा, त्यांना सत्कर्माची गोडी लागावी आणि साऱ्या जीवांचे एकमेकांशी मैत्र जुळावे, एवढेच मागणे आहे. पुढे संतांचे वर्णन येते, त्यात समुद्रातून निघालेल्याच गोष्टी आहेत. कल्पतरू आहे, पण चालताबोलता, त्याची बनेच्या बने. अमृताचे सागर आहेत, आणि तेही बोलणारे. चंद्र आहे, त्याला डाग नाही. मोहिनीच्या गावी बसून सांगितलेल्या ग्रंथाचा शेवट अमृत सर्वांना वाढण्याच्या प्रार्थनेने व्हावा, हा योगायोग मानायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. इथल्या पंगतीची कथा ज्ञानदेवांच्या कानावर होती असे धरले, तर पसायदान हे तिचे सर्वांत धाडसी भाष्य ठरते: राहूलाही पानावर बसवणारे.

हा ग्रंथ सांगणारा कोण यावरून वादही झाले आहेत. शिवराम एकनाथ भारदे यांनी १८९८-९९ च्या सुमारास ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’ पत्रात लेखमाला लिहून दोन ज्ञानेश्वर मांडले. एक आपेगावचा, ज्ञानेश्वरी लिहिणारा नाथपंथी शैव. दुसरा आळंदीचा, विठ्ठलाचे अभंग करणारा भक्त. ज्ञानेश्वरीत विठ्ठलभक्तीचा ठळक उच्चार का नाही, हा त्यांचा सवाल नेटका होता आणि पुढच्या अभ्यासकांना त्याचे उत्तर द्यावेच लागले. परंतु नेवाशाची भूमीच त्या विभागणीच्या विरोधात साक्ष देते. ग्रंथाच्या समारोपात गोदावरीच्या काठचे पंचक्रोश क्षेत्र, तिथली जगाला धारण करणारी श्रीमहालया आणि न्यायाने राज्य करणारा रामचंद्र यादव यांचा उल्लेख येतो. महालया म्हणजे मोहिनीराज, असे परंपरा मानते. ते खरे असेल तर नाथपंथी गुरूचा शिष्य शिवालयाच्या खांबाशी बसून विष्णूच्या क्षेत्राची थोरवी गातो आहे. शैव आणि वैष्णव अशी भिंत त्याच्या मनात नव्हती, तर ती आपण का बांधावी?

त्या उल्लेखातला रामचंद्र अवघ्या सहा वर्षांनी, १२९६ मध्ये, देवगिरीवर चालून आलेल्या अलाउद्दीनापुढे नमला. त्याच वर्षी ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली.

नेवाशाची जमीन त्याहून कितीतरी जुनी आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५४ पासून इथे उत्खनन केले. प्रवरेच्या जाड वाळूत अश्मयुगीन हत्यारे मिळाली. लाडमोड टेकाडावर ताम्रपाषाणयुगातली वस्ती, वर सातवाहनकाळ, त्याहून वर मध्ययुग. घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली मुले सापडली. एका मुलाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांत ओवलेला धागाही टिकून होता. कोणत्याही पुराणाच्या आधी, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, मेलेल्या लेकराला घरापासून दूर न नेणाऱ्या आईबापांची काही एक श्रद्धा इथे होती. तिचे शब्द आपल्यापर्यंत पोचलेले नाहीत.

नेवाशाहून टोके जवळच आहे. तिथे प्रवरा गोदावरीला मिळते आणि सिद्धेश्वराचे देखणे देऊळ उभे आहे. समोर नाथसागराचे पाणी पसरलेले असते, पैलतीरी कायगाव. गोदावरीच्या काठाने पुढे पैठण, आणि पैठणच्या पलीकडे ज्ञानदेवांच्या पूर्वजांचे आपेगाव. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला. तीनशे वर्षांत लेखकांच्या हातून शिरलेली भर त्यांनी काढली आणि अखेरीस पुढच्यांना बजावले की या ग्रंथात जो स्वतःची ओवी घुसवील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे. वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि पाठाचा वाद पुन्हा पेटला. मूळ हस्तलिखित अभ्यासकांच्या हाती राहिले नसल्याने तो मिटला नाही. वारकरी मात्र एकनाथांचाच पाठ वाचतात, आणि त्यांनी शुद्धीकरण पुरे केले ती भाद्रपद वद्य षष्ठी ज्ञानेश्वरी जयंती म्हणून पाळतात.