पाणी देताना

कोयत्याला पाणी द्यायचं असलं की मी दार लोटून घेतो. खिडकीवर गोणपाट असतंच. गिऱ्हाइकांना वाटतं, धंद्यातलं काही गुपित आहे. गुपित कसलं, तापल्या लोखंडाचा रंग उन्हात खोटा दिसतो.

हे मी नुकसान सोसून शिकलो. एका वर्षी वादळात पत्रे उडाले आणि ऊसतोडीचे कोयते भर दुपारी उघड्यावर करावे लागले. लाल फिका दिसे, म्हणून भाता मारत राहिलो. पंधरा दिवसांत दोन कोयते मोडून परत आले. मोडल्या जागी जाड साखरेसारखे दाणे चमकत होते. पोलाद जादा तापलं की आतला दाणा वाढतो, आणि पाणी दिल्यावर तसाच राहतो. ते दोन तुकडे अजून ऐरणीशेजारी ठेवलेत.

साधारण 525 अंश सेल्सिअसला लोखंड अंधारात जेमतेम दिसू लागतं. मग गुंजेचा लाल, शेंदरी, हळदीचा पिवळा. दोन तुकडे ठोकून एकजीव करायचे तर 1300च्या आसपासचा, पांढऱ्याकडे झुकलेला. मला हवा तो गुंज आणि शेंदूर यांच्या मधला, 800च्या थोडा वर. 770ला लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं. म्हणून जुन्या स्पीकरमधला चुंबक तारेला टांगलाय. पण तो साक्षीला, निवाडा डोळ्याचाच.

निखाऱ्यांत खोल पुरलेलं पातं नीट तापलं की हरवतं. निखारा, वीट, पोलाद, सगळ्यांचा रंग एक. कड सापडत नाही. इंग्लंडमधल्या कुंभारकामाच्या घराण्यातल्या थॉमस वेजवुडनं 1792 साली हेच नोंदवलं: पदार्थ कोणताही असो, तांबडं होऊ लागायचा ताप एकच. रंग तापाचा आहे, लोखंडाचा नाही. तोही सगळा दिसत नाही. 800 अंशांना बाहेर पडणारं बहुतेक सारं डोळ्यापलीकडचं असतं. ते गालाला कळतं.

पाणी दिलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. ते घासून, पुन्हा हलकं तापवून नरमवावं लागतं. तेव्हा त्यावर वाळल्या गवताचा पिवळा येतो, मग जांभळा, मग निळा. मुलानं विचारलं, "आबा, तारा निळा असला की जास्त तापलेला असतो ना? मग हे पातं?"

ताऱ्याचं खरं आहे. पण हा निळा फार तर 300 अंशांचा. पात्यावर गंजाचा पातळ पापुद्रा धरतो, त्यावर बाहेरचा उजेड खेळतो. पातं स्वतः काहीच उजळत नाही. म्हणून या कामाला मी त्याला दार उघडायला सांगतो.