आमचा टीव्ही संध्याकाळीच का जायचा

आमच्या घरी एक जुना रंगीत टीव्ही आहे. तो आबांनी म्हणजे माझ्या आजोबांनी १९९६ साली कांद्याच्या पैशांतून घेतला. त्याला मागे मोठे पोट आहे. उचलायला दोन माणसे लागतात. त्या वेळी आमच्या वस्तीवर तो एकच टीव्ही होता. रविवारी माणसे घरात मावत नसत, म्हणून आजी अंगणात पोती अंथरायची.

तेव्हा आमच्याकडे छत्री नव्हती. छपरावर उंच पाइप होता आणि त्यावर अँटेना. चित्र बिघडले की एकाने वर चढून अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने दारातून ओरडायचे, "आलं, आलं! गेलं!" चित्र गेले की पडद्यावर मुंग्या दिसायच्या. म्हणजे खऱ्या मुंग्या नव्हेत, काळे-पांढरे ठिपके. अँटेनावर कावळा बसला तरी चित्र हलायचे, असे आबा सांगतात. ते मी तेव्हा नुसते हसण्यावारी नेले.

आता अँटेनावरचे ते प्रक्षेपण बंद झाले आहे. आम्ही दूरदर्शनची फ्री डिश लावली आहे. तिला दर महिन्याला पैसे पडत नाहीत. छत्रीची वायर एका लहान डब्यात येते आणि डब्यातून पिवळी आणि पांढरी पिन टीव्हीच्या मागे जाते. पिवळी चित्राची आणि पांढरी आवाजाची.

आषाढात आबा बांधावरून घसरून पडले. मांडीचे हाड मोडले. दवाखान्यात आत सळई घातली आणि तीन महिने झोपून राहा म्हणून सांगितले. आबा कधी घरात बसत नाहीत, त्यांना फार कंटाळा यायचा. घरात मोबाइल एकच आहे आणि तो अण्णा ट्रॅक्टरवर जाताना घेऊन जातात. म्हणून आबांची खाट टीव्हीसमोर आणली. संध्याकाळी ते सह्याद्रीवरच्या बातम्या बघायचे आणि पावसाचे काय सांगतात ते आजीला ओरडून सांगायचे.

आणि नेमका संध्याकाळीच टीव्ही जाऊ लागला.

एकदम जात नसे. आधी माणसांच्या तोंडाच्या चौकटी चौकटी व्हायच्या, मग आवाज तुटायचा, मग सगळे थांबायचे. थोड्या वेळाने आपोआप यायचे. सर्वात नवल म्हणजे मी छत्री बघायला घरामागे गेलो की चित्र लगेच यायचे. मी परत आलो की जायचे. आजी म्हणाली, "ह्याच्या हाताला गुण आहे." अण्णा म्हणाले, "गुण कसला, हाच काहीतरी करतो." एके दिवशी त्यांनी मला एक ठेवून दिली. मी डब्याला हात लावला नव्हता. मी रात्री जेवलो नाही. (ताई म्हणते जेवला होता. पण अर्धीच भाकरी.)

मग दुरुस्तीवाले काका आले. ते दुपारी आले. त्यांना पिवळी पिन सैल सापडली. ती हलवली की आवाज राहायचा आणि चित्र तेवढे जायचे. त्यांनी नवी वायर घातली आणि शंभर रुपये घेतले. पण संध्याकाळी पुन्हा चौकटी. काका दुसऱ्यांदा आले, तेही दुपारीच. तेव्हा टीव्ही चांगला चालू होता. चांगला चालू असलेल्या टीव्हीत बिघाड कसा सापडणार? त्यांनी छत्रीपुढचा एलएनबी बदलला आणि तीनशे रुपये घेतले. संध्याकाळी पुन्हा तेच.

अण्णा म्हणाले, "दिवाळीला हा भंगारात घालू." आबा काही बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटले ते झोपले, पण झोपले नव्हते.

मी शाळेत गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हापासून लोक टीव्हीला थापटा मारतात, पण टीव्ही कधी जातो ते कोणी लिहून ठेवत नाही. त्यांनी फळ्यावर पृथ्वी काढली. आपली छत्री ज्या उपग्रहाकडे बघते तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच आहे, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. म्हणून आपल्याकडच्या छत्रीचे तोंड आग्नेयेला वर असते. छत्री एक अंश कलली तरी तिथे ती सहाशे किलोमीटरहून जास्त बाजूला बघते. शिवाय ते म्हणाले की चौकटी पडून आवाजही तुटत असेल तर दोष छत्रीकडचा समजावा. आवाज नीट आणि चित्रच नाही, तर पिन बघावी.

तेव्हा मला कळले की आमचे बिघाड दोन होते. काकांनी पिनचा काढला होता. दुसरा तसाच होता.

मी जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर रकाने आखले. वार, वेळ, वारा, पाऊस. मी शाळेत असताना आबा लिहायचे. वही त्यांच्या उशीखाली असायची. आबांना कामच मिळाले. चित्र एवढे एवढे थांबले तरी ते काडी मारायचे.

बारा दिवस लिहिले. नाना म्हणायचे, "पावसानं जातं." जोराच्या पावसात खरेच जायचे, ते सगळ्यांकडेच जाते. पण वहीत तीन संध्याकाळी भुरभुर पाऊस होता आणि एकही काडी नव्हती! वारा सुटला तेव्हाही काही नव्हते. कोरड्या, शांत संध्याकाळी मात्र पाच वाजल्यापासून काड्याच काड्या. आणि दोन्ही गुरुवारी सकाळी दहापासूनच काड्या होत्या. गुरुवारी दिवसभर का, हे काही केल्या समजेना.

आबांनी वही छातीवर धरून पुष्कळ वेळ विचार केला. मग म्हणाले, "गुरुवारी बाजार. तुझी आजी बाजारला जाते. मग चांदी कुठं असते रं?"

चांदी ही आमची शेळी आहे. रोज आजी तिला चारायला नेते आणि पाच वाजता आणते. मग तिला मी बांधतो. पाऊस असला तर गोठ्यात बांधतो. गुरुवारी ती घरीच असते, तिला मी शाळेत जाताना बांधून जातो.

मी गप्प बसलो. कारण चांदीचा खुंट पावसाळ्यात कुजून मोडला होता. अण्णांनी मला नवा ठोकायला सांगितले होते आणि मी ठोकला नव्हता. मी चांदीला छत्रीच्या पाइपाला बांधत होतो. आमचे छप्पर कौलारू आहे, म्हणून छत्रीचा पाइप घरामागे जमिनीत पुरला आहे. पावसाने तिथली माती मऊ झाली होती.

आम्ही खात्री करून बघितली. डब्यात सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात. त्या लावून मी टीव्हीसमोर बसलो. ताई मागे गेली आणि शेवरीचा पाला चांदीला पुरणार नाही इतक्या लांब धरला. चांदीने मान ताणली. खालची पट्टी सर्रकन शून्यावर गेली. "गेलं!" मी ओरडलो. ताईने पाला जवळ नेला. "आलं!" तीनदा केले, तीनदा तसेच झाले. आबा इतके हसले की त्यांची मांडी दुखली. मी मागे गेलो की चित्र का यायचे तेही कळले. मला बघून चांदी खायला मागायला जवळ यायची आणि दावे सैल पडायचे.

आबांनी मला विचारले, "अण्णाला सांगितलंस?" मी म्हणालो, "तुम्ही सांगा." आबा म्हणाले, "मी कशाला? शेळी काय मी बांधली?"

टीव्ही चांगला चालतो म्हणून अण्णांनी तो दिवाळीला विकला नाही. नव्या एलएनबीनेच गुण आला, असे ते सगळ्यांना सांगतात. तीनशे रुपये माझ्यामुळे गेले हे त्यांना माहीत नाही. जुना एलएनबी चांगला होता. तो मी डब्यात जपून ठेवला आहे.

सव्वीस जानेवारीला अण्णा शाळेत येतात. आले की झेंड्याजवळ जाण्याआधी ते व्हरांड्यातले भित्तिपत्रक वाचतात. म्हणून मी गुरुजींना हे वरच्या बाजूला, अण्णांच्या उंचीवर लावायला सांगितले आहे. खुंट मी ठोकला आहे. बाभळीचा आहे. छत्रीपासून सोळा पावलांवर.

इयत्ता चौथी