इन की ऑफ?

मराठी मीडियमवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी! आपला एकच 'त' सगळीकडे चालतो: वर्गात सगळ्यात हुशार, तिघांत सगळ्यात हुशार. इंग्रजीत मात्र 'इन द क्लास', पण 'ऑफ द थ्री'. कॅम्पस इंटरव्ह्यू तोंडावर, आणि माझा रूममेट या धास्तीनं ग्रुप डिस्कशनला तोंडच उघडेना. म्हटलं, लेका, 'पैकी' लावून बघ. 'तिघांपैकी' जमतं, म्हणून ऑफ. 'महाराष्ट्रापैकी' जमत नाही, म्हणून कळसूबाई 'द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र'. काळाचं तंत्र मात्र वेगळं. 'वर्षापैकी' कानाला खटकतं, तरी 'द लाँगेस्ट डे ऑफ द इयर'च! (इंग्रजांना कोण विचारणार?) आता पठ्ठ्या मेसमध्येही इंग्रजी फाडतो. काल म्हणाला, "द वर्स्ट भाजी ऑफ द वीक!"