संघ गेले, शिक्षक उरला

पुण्यातील सुशिक्षित घरांत क्रिकेटला जी प्रतिष्ठा लाभली, तीत संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांचा वाटा मोठा आहे. फुटबॉलला असा कोणी देवधर मिळाला नाही. तो खेळ कॅम्पात नि खडकीत रंगे; पेठांनी त्याची फारशी वास्तपुस्त केली नाही. त्यामुळे 2009 ते 2013 या काळात डेरिक परेरा नावाचे गृहस्थ बालेवाडीस राहून काय करून गेले, हे आमच्या कित्येक वाचकांच्या कानी आले नसेल, तर त्यांस बोल लावता यावयाचा नाही.

परेरा मूळचे गोव्याचे. साळगावकर संघाच्या बचावफळीत ते खेळले, भारताच्या संघातही होते. बचाव करणाराचे काम मोठे बेकौतुकाचे. गोल करणारास टाळ्या मिळतात. गोल होऊ न देणाराचे नाव निघते ते बहुधा तो चुकला म्हणजेच. आम्हांस वाटते, प्रशिक्षक होण्यास याहून चांगली उमेदवारी नाही; सारा खेळ डोळ्यांपुढे असतो आणि स्तुतीची चटक लागत नाही. 2005-06 च्या मोसमात मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय लीग व फेडरेशन चषक अशी दोन्ही विजेतेपदे पटकावली, तेव्हा प्रशिक्षक परेराच होते. पुढे ते पुणे एफ. सी. या, 2007 साली निघालेल्या, तान्ह्या संघाकडे आले. वरिष्ठ लीगमधील पहिल्याच वर्षी हा संघ तिसरा आला, आणि 2012-13 मध्ये चौदा संघांत दुसरा.

खेळाडूचा प्रशिक्षक झाला म्हणजे त्याचे पुढे काय व्हावे, याचा एक नमुना युक्रेनमध्ये सापडतो. व्हॅलेरी लोबानोव्हस्की हे डायनॅमो कीव्ह संघाचे नामांकित खेळाडू. त्याच संघाचे प्रशिक्षक होऊन त्यांनी 1975 व 1986 साली युरोपातील चषकविजेत्यांचा चषक जिंकला. 2002 मध्ये ते वारले. संघाच्या क्रीडांगणास त्यांचे नाव दिले गेले. दुसऱ्या वर्षी त्यांचा शिष्य शेवचेन्को मिलान संघाकडून युरोपातील सर्वोच्च चषक जिंकला, आणि पदक घेऊन गुरूच्या समाधीवर गेला. परेरांच्या शिष्याने कृतज्ञतेने पदक न्यावयाचे ठरविले, तर ते कोणत्या संघाच्या दारी न्यावे? महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये मिटला. पुणे एफ. सी. 2015 मध्ये लीगमधून बाहेर पडला. परेरा नंतर येथील ज्या शिवाजियन्स संघाकडे काही काळ होते, तोही 2017 मध्ये गेला. 2019 मध्ये पुणे सिटी. चार वर्षांत एका शहराचे तीन संघ! धनिकांनी ते काढले, धनिकांनीच मिटविले. पैसा त्यांचा, त्यांस काय म्हणावे? परंतु शहरालाही त्यांच्या जाण्याने फारशी हळहळ वाटलेली आम्ही पाहिली नाही, आणि हे अधिक खटकते.

आम्ही अध्यापक मंडळी सुदैवी. आम्ही निवृत्त झालो तरी कॉलेज उभे असते. कोठल्याशा भिंतीवर तसबीर लागण्याची आशा असते. परेरांस ही सोय नाही. गोव्याच्या संघात ते सहायक म्हणून राहिले, आणि 2021 च्या डिसेंबरात मुख्य प्रशिक्षक अकस्मात सोडून गेले तेव्हा ती धुरा त्यांच्याच खांद्यावर आली.

त्यांच्या पुण्यातील कामाचा दाखला हवा असेल, तर तो माणसांतच शोधावा लागतो. अराता इझुमी हा जपानात जन्मलेला खेळाडू त्यांच्या हाताखाली येथे खेळला. त्याने जपानचे नागरिकत्व सोडले आणि 2013 मध्ये तो भारताकडून मैदानात उतरला. दुसरा केरळचा अनस एडाथोडिका, गुरूसारखाच बचावफळीतला. तो 2011 मध्ये पुण्यास आला. भारताच्या संघात त्यास जागा मिळावयास 2017 साल उजाडावे लागले, वयाच्या तिशीत; तोवर पुण्याच्या ज्या संघाने त्यास घडविले, त्याचा वरिष्ठ लीगच्या यादीत मागमूसही उरला नव्हता.