लोकल अन्न म्हणजे नक्की कोणाचे अन्न? महापालिकेला विचारायचे काही प्रश्न



2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि आपल्या आजीची ज्वारीची भाकर एका रात्रीत 'सुपरफूड' झाली. जिला गरिबाचे खाणे म्हणून नाक मुरडले जायचे ती ज्वारी आता शहरातल्या सेंद्रिय दुकानात चकचकीत पाकिटात मिळते. त्याच्या सोबतीने 'लोकल खा', 'शेतकरी ते ग्राहक', 'गच्चीवरची शेती', 'ओल्या कचऱ्यातून खत' असे शब्द महापालिकांच्या फलकांवरही दिसू लागले आहेत.

या विचाराला माझा विरोध नाही. जवळ पिकवा, जवळ विका, ताजे खा, उरलेले पुन्हा मातीत घाला, हे तत्त्व चांगलेच आहे. भाजी शेकडो किलोमीटर ट्रकमधून फिरली की डिझेल जळते, माल सडतो आणि पिकवणाऱ्याच्या हातात थोडेच उरते. प्रश्न वेगळा आहे. या साखळीत आपला माणूस कुठे उभा असेल? पिकवणारा, विकणारा, खाणारा, की फक्त कचरा उचलणारा?

हा प्रश्न विचारण्याचे कारण आपल्या इतिहासात आहे. गावगाड्याची अन्नव्यवस्था पूर्णपणे 'लोकल' होती. धान्य गावात पिके, गावातच वाटले जाई. महाराच्या वाट्याला येसकर भाकर आणि मेलेले ढोर येई. काहीही वाया जात नसे. शाश्वत तर इतकी की शेकडो वर्षे टिकली! 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ग्रामव्यवस्थेच्या कौतुकावर कठोर टीका केली, ती यासाठीच. आपले आजोबा-पणजोबा गाव सोडून गिरण्यांत, रेल्वेत, शहरातल्या झोपडपट्टीत आले ते त्या 'स्थानिक' व्यवस्थेतून सुटण्यासाठी. तेव्हा शहराने स्थानिक अन्नव्यवस्था जरूर उभारावी, पण तिच्या आडून गावगाडा परत येता कामा नये.

महापालिकाच का?

74 व्या घटनादुरुस्तीने (1992) संविधानात बारावी अनुसूची आली. शहरी स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचे 18 विषय तिच्यात आहेत. त्यात 'अन्न' हा शब्द नाही. तरीही शहराच्या ताटाची बरीचशी सूत्रे महापालिकेच्याच हातात असतात. बाजार कुठे भरेल, टोपली घेऊन कोण बसेल, कत्तलखाना चालू राहील की बंद, पालिकेच्या शाळेत खिचडी कोण शिजवेल, कचरा कुठे जाईल, हे सगळे तिथे ठरते. त्याच यादीत दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हाही एक विषय आहे, ही आठवण आपणच प्रशासनाला करून द्यायची असते.

नगरपालिकेच्या एका ठरावात किती ताकद असते आणि तो किती पोकळ असू शकतो, हे महाडने शिकवले आहे. 1923 साली मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. त्यानुसार महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले, पण कागदावर. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांसोबत लोक तळ्यापर्यंत चालत गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. पुढे त्याच नगरपालिकेने 4 ऑगस्ट 1927 रोजी तो ठराव मागे घेतला, आणि न्यायालयीन लढाई जिंकायला मार्च 1937 उजाडला. पाण्याबाबत जे झाले तेच अन्नाबाबत होते. ठराव करून घ्यावा लागतो, तो अमलात आणावा लागतो आणि मग त्यावर पहारा द्यावा लागतो.

बाजार कोणाचा?

माझे एम.ए.पर्यंतचे शिक्षण आईच्या भाजीच्या टोपलीवर झाले. ती पहाटे चारला ठोक बाजारात जायची, दोन-तीन पोती माल ऑटोत टाकून आणायची आणि दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून विकायची. पावसाळ्यात आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायांकडून तरोटा, चिवळ, घोळ घ्यायची. ना गोदाम, ना एसी, ना प्लास्टिकचे वेष्टन. शहरात यापेक्षा 'लोकल' आणि पर्यावरणस्नेही विक्री कोणती असेल? पण अशा विक्रेतीला व्यवस्था 'अतिक्रमण' म्हणते.

नागपूरकडे पाहा. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही तिथल्या वस्त्यांची नावेच वारांवरून आहेत. आठवडी बाजार हा आपल्या शहरांचा जुना पाया आहे. मॉल आणि मोबाइल ॲप नंतर आले.

यासाठी कायदाही आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014. त्यातल्या पाच गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हव्यात:

1) सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही.
2) शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे आहे.
3) नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत. त्यांत एक तृतीयांश महिला आणि अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व हवे.
4) माल जप्त केला तर सहीनिशी यादी द्यावी लागते.
5) नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करावा लागतो, इतर माल दोन कामकाजी दिवसांत.

मी ज्या शहरात काम करते तिथे वस्तीतल्या एका ताईचा तराजू आणि मेथीच्या जुड्या पथकाने उचलून नेल्या. यादी दिली नाही. तीन दिवसांनी तराजू मिळाला, मेथी सडली होती. तिचे त्या दिवसाचे भांडवल उसने होते. काही महिन्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मैदानावर 'सेंद्रिय शेतकरी बाजार' भरला. मंडप, माइक, पार्किंग, सगळी सोय! एकाच शहरात मेथीच्या एका जुडीला मंडप मिळतो आणि दुसरीला ट्रक. फरक मेथीत नाही, ती विकणाऱ्या हातात आहे. आता त्या वस्तीतल्या आठ-दहा बाया पाचवा मुद्दा तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि पथक आले की आधी यादी मागतात. एवढ्यानेही पथकाची भाषा बदलते.

शेतकरी कोणाला म्हणायचे?

महाराष्ट्रात जुलै 2016 मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि शहरांत शेतकरी आठवडी बाजार सुरू झाले. चांगली गोष्ट. पण सरकारदरबारी शेतकरी म्हणजे सातबारा. गायरान कसणाऱ्या भूमिहीन कुटुंबाकडे तो नसतो. 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये झाला, तरी मराठवाड्यात आजही कितीतरी कुटुंबे सातबाऱ्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. बटाईने कसणारी, मजुरी करणारी, रानभाजी खुडणारी बाई तर कोणत्याच कागदावर शेतकरी नाही. शेतकरी बाजाराचे गाळे सातबारा पाहून वाटले, तर जमिनीची जुनी विषमता शहराच्या मैदानावर जशीच्या तशी येऊन बसेल.

दुसरीकडे काय होऊ शकते, ते ब्राझीलमध्ये पाहता येते. बेलो होरिझोन्ते या शहराने 1993 मध्ये अन्न हा नागरिकाचा हक्क मानून महापालिकेत त्यासाठी स्वतंत्र विभाग उभा केला. स्वस्त जेवणाची सार्वजनिक भोजनालये चालवली. लहान शेतकऱ्यांना थेट विक्रीसाठी शहरात जागा दिल्या. काही विक्रेत्यांना मोक्याच्या जागा देताना अट घातली, की ठरावीक जिन्नस पालिकेने ठरवलेल्या स्वस्त दरातच विकायचे आणि गरीब वस्त्यांतही विक्री करायची. म्हणजे जागा शहराची, तर अटही शहराची! पुढे 2009 च्या ब्राझीलच्या राष्ट्रीय कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतले किमान 30 टक्के कौटुंबिक शेतीतून खरेदीसाठी राखले. त्यात प्राधान्य कोणाला? जमीन सुधारणेतून वसलेल्या कुटुंबांना, आदिवासींना आणि गुलामगिरीतून पळालेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांच्या वस्त्यांना. 'लोकल'सोबत 'कोण' हा प्रश्न कायद्यातच लिहिला आहे. आपली महापालिका गायरानधारकांच्या गटाकडून, महिला बचत गटाकडून शाळा-रुग्णालयांसाठी डाळ, ज्वारी, भाजी का खरेदी करू शकत नाही?

शाळेचे ताट

पालिकेच्या शाळांत आज मुख्यतः आपलीच मुले शिकतात: बौद्ध, मातंग, मुस्लिम, भटके-विमुक्त, स्थलांतरित मजुरांची. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने या मुलांना आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरवले. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला आणि अंडे 'लोकसहभागातून' द्या असे सांगितले. अंडे शहराजवळ पिकते, स्वस्त असते, त्यात भेसळ करता येत नाही. आठवड्याला एका अंड्याचा खर्च मोठ्या महापालिकेला स्वतःच्या अर्थसंकल्पातून का पेलू नये?

स्वयंपाक कोण करते हेही तितकेच महत्त्वाचे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2004 मध्ये आदेश दिला होता, की माध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे. शहरात मोठ्या केंद्रीय स्वयंपाकघरांना ठेका दिला की हा आदेश आपोआप बाजूला पडतो. एका पंगतीत बसून दलित बाईच्या हातचे खाणे हे जातिअंताचे शिक्षण आहे. ते डब्यात बंद होऊन ट्रकमधून येत नाही.

शुद्ध-अशुद्धचा डाव

आता सर्वात अवघड मुद्दा. 'शाश्वत' हा शब्द आपल्याकडे लवकरच 'सात्त्विक' होतो आणि सात्त्विकचा अर्थ शाकाहार. एम.एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरणाची संकल्पना मांडताना दाखवले, की वर चढू पाहणाऱ्या जाती मांस सोडून शाकाहार धरतात. आज महापालिकेचे आदेशही त्याच शिडीवर चढताना दिसतात. 15 ऑगस्ट 2025 रोजी कल्याण-डोंबिवली महापालिकेने कत्तलखाने आणि मटण-चिकनची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढला. टीका झाल्यावर हा नियम 1988 पासून आहे असे सांगितले. स्वातंत्र्यदिनी लोकांच्या ताटावर बंदी! 2015 च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि गरिबाचे स्वस्त प्रथिन गेले. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांची खाद्यसंस्कृती नोंदवली. त्यातल्या कितीतरी पदार्थांना आज शहराच्या 'पारंपरिक खाद्य महोत्सवात' जागा मिळेल का?

कोणी म्हणेल, मांसामुळे पर्यावरणाची हानी होते. जंगले तोडून चालणाऱ्या प्रचंड गोमांस उद्योगाबद्दल हे खरे आहे. पण खरकट्यावर वाढलेली कोंबडी, माळावर चरलेली शेळी, उन्हात वाळवलेला सुका बोंबील आणि सुकट यांना त्याच तराजूत घालणे हा विज्ञानाचा आव आणलेला जातीय निवाडा आहे. महापालिकेचे काम कत्तलखाना आणि मासळी बाजार स्वच्छ ठेवणे, तिथे पाणी, शीतगृह आणि पशुवैद्यक देणे हे आहे. कोणी काय खावे हे ठरवणे तिचे काम नाही.

खत कोणाच्या हातांनी?

आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो. त्याचे खत करून जवळच्या शेतीला देणे ही या साखळीची शेवटची कडी. कागदावर ती 'चक्राकार अर्थव्यवस्था' असते. जमिनीवर मात्र तिथे आपलेच भाऊ-बहिणी उभे असतात, अनेकदा हातमोज्यांशिवाय, कंत्राटावर. पुण्यात कचरावेचक महिलांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने 2008 मध्ये महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करण्याचे काम हक्काने मिळवले. हा रस्ता पुढे न्यायला हवा. खत प्रकल्पाची मालकी आणि नफा त्याच हातांकडे असावा. नाहीतर शहर हिरवे होईल आणि जात जिथल्या तिथे राहील.

आता आपण काय करायचे?

आपल्या चळवळीत अन्न हा विषय बहुधा भोजनदानापुरता राहतो. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी रस्त्या-रस्त्यावर जे भोजनदान होते, त्यातून लाखो माणसे जात न विचारता जेवून जातात. ही ताकद आपल्याकडे आहे. तिला आता महापालिकेच्या सभागृहापर्यंत न्यायचे आहे.

म्हणून प्रत्येक वस्तीतल्या तरुणांनी एवढे तरी करावे. माहिती अधिकारात विचारा: नगर पथविक्रेता समितीची शेवटची बैठक कधी झाली, त्यात आपले किती लोक आहेत, इतिवृत्त कुठे आहे? शालेय आहाराचा ठेका कोणाकडे आहे? वॉर्डातल्या आठवडी बाजाराची जागा विकास आराखड्यात दाखवली आहे की तिथे पार्किंग आले आहे? खत प्रकल्पातल्या कामगाराला किमान वेतन मिळते का? मग नगरसेवकाकडून ठराव मांडून घ्या. निवडणुकीच्या वेळी कमान आणि कूलर मागण्यापेक्षा भाजीवाल्या ताईसाठी ओटा, पाणी आणि शौचालय मागा.

चवदार तळ्याचा ठराव लोक चालत जाईपर्यंत तीन वर्षे कागदावर पडून होता. पथविक्रेता कायद्याला दहा वर्षे उलटून गेली. चला, तिथवरही चालत जाऊ.

जयभीम!